वरून गार, आतून तप्त



साच्यातील प्लास्टिक वरून लवकर थिजते, गाभा तप्त राहतो. म्हणून संगणकावरील शीतकरणाच्या आलेखात गाभ्याचेच तापमान पाहावे, हे आपल्यातील अभियंते जाणतात. आम्ही वैद्यक मंडळी माणसाबाबत तेच सांगतो. कतारच्या उन्हात राबलेल्या कामगाराचे कपाळ घामाने गार लागेल, पण शरीराच्या गाभ्याचे तापमान ४० अंशांपलीकडे असू शकेल. तो असंबद्ध बोलू लागला तर उष्माघातच समजावा. काखेतला आकडा पाहून त्याला खोलीवर धाडू नये. ९९९ ला कळवावे आणि अंगावर थंड पाणी ओतत राहावे.

२०२१ च्या निर्णयानुसार ऊन, आर्द्रता व वारा यांचा संयुक्त निर्देशांक ३२.१ अंशांपुढे गेल्यास उघड्यावरचे काम केव्हाही थांबवणे बंधनकारक आहे. हे आपल्या कामगार बांधवांपर्यंत कोण पोहोचविणार?