सह्याद्रीचा अग्नि आणि अरबी समुद्राचा जन्म



हिंदी महासागरांत मॅडागास्करच्या पूर्वेस रेयुनियन नांवाचें एक फ्रेंच बेट आहे. त्याच्या आग्नेय भागांतील ज्वालामुखी जगांतील अत्यंत जागृत अशा ज्वालामुखींपैकीं एक होय. २००७ च्या एप्रिल महिन्यांत त्यांतून इतका शिलारस वाहून गेला कीं, आंत पोकळी होऊन शिखरावरील मुखाचा तळ सुमारें ३०० मीटर खालीं कोसळला. ही वार्ता फार दूरची वाटेल. परंतु ज्या अग्नीनें सह्याद्रीचे कडे रचिले, तोच तेथें आजहि धुमसत आहे, असें बहुतेक भूशास्त्रज्ञांचें मत आहे. अग्नि बहुतांशीं जेथल्या तेथें राहिला. महाराष्ट्राची भूमि मात्र उत्तरेस निघून आली.

पृथ्वीच्या कवचाखालीं सुमारें २९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण नांवाचा जाड थर आहे. तो द्रवरूप नाहीं, घन खडकाचाच आहे. तथापि लक्षावधि वर्षांच्या हिशेबानें पाहतां तो थिजलेल्या काकवीप्रमाणें मंदपणें वाहतो. त्यांतील अधिक तापलेला भाग हलका होऊन स्तंभासारखा वर चढतो, आणि कवचाजवळ येतांच दाब कमी झाल्यामुळें त्याचा कांहीं अंश वितळतो. ही कल्पना जेसन मॉर्गन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७१ सालीं मांडली. अशा स्तंभाचा माथा विस्तीर्ण व शेपूट बारीक असतें. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं असा माथा दख्खनखालीं येऊन थडकला, आणि जमिनीच्या लांबच लांब भेगांतून शिलारसाचे पूर आले. एका थरावर दुसरा थर, असा पसारा वाढत गेला. त्यांतील बहुतेक थर दहा लक्ष वर्षांच्या आंतबाहेर सांचले. आज उरलेलें क्षेत्रच सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भरतें. अजिंठा-वेरुळचीं लेणीं ज्या काळवत्री दगडांत कोरलीं, तो हाच थिजलेला रस होय.

त्या काळीं कोंकणच्या पश्चिमेस आजच्यासारखा अफाट समुद्र नव्हता. सेशेल्स बेटांचा भूखंड हिंदुस्थानास लागून होता. महासागराच्या मध्यावरील बेटें बहुधा ज्वालामुखीचीं किंवा प्रवाळाचीं असतात. सेशेल्सचीं मुख्य बेटें मात्र सुमारें ७५ कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटाचीं आहेत. मूळ भूमीपासून तुटलेला तुकडा तो हाच. सुमारें ६ कोटी ३० लक्ष वर्षांपूर्वीं तो सुटला, मधल्या भेगेंतून नवा सागरतळ निर्माण होऊं लागला, आणि समुद्र रुंदावत गेला. ह्या फाटण्याची खूण कोंकणांत पाहावयास मिळते. घाटाच्या कड्यांत जे थर जवळजवळ आडवे दिसतात, तेच पनवेलच्या आसपास पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, कलते झालेले आहेत. ज्या भेगेंतून तो सागरतळ निघाला, तेथें आज बुडालेली पर्वतरांग आहे. तिला डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग ह्या बिअरच्या कारखान्याचें नांव पडलें, कारण १९२८ ते १९३० च्या डॅनिश संशोधन-सफरीस त्याच कारखान्याच्या निधीचें साहाय्य होतें. सागरतळाच्या बारशास असाहि यजमान लाभतो!

पुढची हकीकत सागराखालीं लिहिलेली आहे. समईच्या ज्योतीवरून कागद सावकाश ओढीत नेला, तर त्यावर काजळीच्या डागांची ओळ उमटते. हिंदुस्थान वर्षाला सुमारें १५ सेंटिमीटर वेगानें उत्तरेकडे सरकत असतां स्तंभाच्या शेपटानें तशीच ओळ काढली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. १९८७ सालीं एका संशोधन-जहाजानें ह्या ओळींत छिद्रें पाडून खडक वर काढले. मालदीवजवळचा सुमारें ५ कोटी ७० लक्ष वर्षांचा निघाला, चागोसजवळचा ४ कोटी ९० लक्ष वर्षांचा. दक्षिणेस जावें तसतसें वय घटतें! त्यानंतर सागरतळाची भेग स्वतःच ह्या स्तंभावरून सरकली. म्हणून पुढचे डाग भेगेच्या पलीकडे, आफ्रिकेच्या बाजूस पडले. त्यांतच मॉरिशस येतें. एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरीकडून जे मराठी मजूर तेथें गेले, त्यांनीं उंसाच्या शेतांतून उपसलेला काळा दगडहि ह्याच अग्नीचा, फक्त वयानें पुष्कळ लहान.

आतां वादाचा मुद्दा. अग्नीनें भूमि फाडली, कीं फाटत्या भूमीनें अग्नीस वाट दिली? केवळ स्तंभास सारें श्रेय देणें घाईचें ठरेल. मॅडागास्कर तर हिंदुस्थानापासून सुमारें ८ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वींच सुटलें होतें. म्हणजे पश्चिमेची कड आधींच कमजोर होती. परंतु दख्खनचा पूर प्रथम व सेशेल्सचें सुटणें नंतर, हा क्रमहि दृष्टीआड करतां येत नाहीं. जुन्या शिवणीवर निखारा पडला, असें म्हणणें सत्यास अधिक जवळचें दिसतें. स्तंभच मुळांत नाहीं, असें म्हणणारे शास्त्रज्ञहि आहेत. त्यांना उत्तर देण्यासाठीं २०१२-१३ सालीं रेयुनियनभोवतीं सागरतळावर भूकंपमापक यंत्रें बसविलीं. दूरदूरच्या भूकंपांच्या लहरी तप्त खडकांतून मंदावतात. त्यावरून खोलवरचा नकाशा काढतां येतो. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत धुराड्यासारखा सरळ स्तंभ दिसला नाहीं. दिसलें तें एखाद्या वृक्षासारखें: आफ्रिकेखालीं प्रावरणाच्या तळाशीं जाड बुंधा, आणि वर तिरप्या गेलेल्या फांद्या. त्यांतील एकीच्या टोंकावर रेयुनियन आहे.