मोहाखाली रोपं किती?

मी उंबरमाळीहून बोलतेय, बचत गटाची समन्वयक.

आपल्या रानात मोहाची जुनी झाडं कुठे आहेत, हे कुणीही सांगेल. पण त्यांच्याखाली रोपं किती? गटाच्या बैठकीत मी हे विचारलं, तेव्हा सगळ्या गप्प. मग एक आजी म्हणाल्या, "फुलं आपण वेचतो, मोहट्याही आपणच वेचतो. जमिनीला काय ठेवतो?"

तेव्हापासून आम्ही नोंदी ठेवतो. प्रत्येकीचं एक झाड. त्याच्याखाली दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद चौकोन, कोपऱ्यांना दगड. मोजायचं वर्षातून तीनदा. गणपतीनंतर गेलात तर पावसात काय उगवलं ते दिसतं. दिवाळीनंतर गुरांतून आणि गवतकापणीतून काय राहिलं ते कळतं. वैशाखात वणव्यातून काय वाचलं ते कळतं. रोप जळालेलं दिसलं तरी लगेच खोडू नका. पुष्कळ झाडं मुळातून पुन्हा फुटतात.

रोप उपटायचं नाही. उंची वीतभर, गुडघाभर की कंबरेइतकी, एवढंच लिहायचं. ओळख पटली नाही तर 'अनोळखी' लिहा. एकही नसेल तर शून्य लिहा. हप्ता आला नाही तर बचतीच्या वहीत आपण लिहितोच ना? तसंच हे.

केरळात सुरू झालेल्या 'सीझनवॉच' उपक्रमात शाळेतली मुलं एकच झाड दर आठवड्याला बघून पानं, फुलं, फळं नोंदवतात. आपण तीच सवय रोपांना लावतोय.

मोहट्या वेचू नका, असं मी म्हणणार नाही. घरातलं तेल त्यातूनच येतं. फक्त शेजारी दुसरा चौकोन आखा आणि त्यात मूठभर ताज्या मोहट्या मातीत दाबा. मोहटी ठेवून दिली की उगवत नाही. पहिल्या चौकोनात काही पेरू नका. दुसऱ्यात रोपं आली आणि पहिल्यात नाहीत, तर बी कमी पडतंय. दोन्हीकडे उगवून पुढे नाहीशी झाली, तर गुरं आणि वणवा बघायला हवा.

जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. आपले आकडे ग्रामपंचायतीच्या समितीला द्या, त्या वहीत चढवायला सांगा.

मोहाला फुलं यायला आठ-दहा वर्षं तरी लागतात. आज रोप नसेल, तर आपल्या सुना फुलं कुठे वेचतील? या पावसात एक झाड निवडा.