सदाफुलीचा रस आणि आईची गाठ



आज पिकाविषयी बोलायचे नाही. एका श्रोत्यांचे पत्र आले आहे, त्याला उत्तर द्यायचे आहे. ते लिहितात, "आईच्या छातीत लिंबाएवढी गाठ आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी कॅन्सरची शंका सांगितली, पुढं तपासणीला जा म्हणाले. पण सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध निघतं, असं डॉक्टरलोकच सांगतात. मग दारातली सदाफुली सोडून शहरात कशाला जायचं? दोन महिने झाले, रोज सकाळी आठ पानांचा रस देतोय. बरोबर आहे ना?"

प्रश्न अडाणीपणाचा नाही. मी डॉक्टर असलो तरी घरची शेती आहे. झाडपाल्यावर माणसाचा विश्वास का बसतो ते मला कळते.

सदाफुलीपासून कॅन्सरची औषधे निघतात हे अगदी खरे. कॅनडातल्या नोबल आणि बिअर या संशोधकांकडे हा पाला जमैकातून आला, तो मधुमेहावरचा उपाय म्हणून. उंदरांना पाजून पाहिला, साखर काही उतरली नाही. मग अर्क टोचून दिला, तर आठवडाभरात उंदीर जंतुबाधेने मेले. का मेले ते पाहताना कळले, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार घटल्या होत्या. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात. तिथून धागा सापडला. १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे द्रव्य जाहीर झाले, पुढे व्हिनक्रिस्टिन आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात.

पण बघा, शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून हे औषध जेमतेम काही ग्रॅम मिळते. मोठ्या माणसाला एका वेळी एक-दोन मिलिग्रॅम, तेही शिरेतून, रक्त तपासून. जास्त झाले तर हातापायांच्या नसांना इजा होते. आता आठ पानांत ते किती आले? कोण मोजणार? कमी असेल तर दिवस फुकट गेले, जास्त असेल तर विष पोटात गेले. सदाफुलीला जनावर सहसा तोंड लावत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. शिवाय रक्ताच्या कॅन्सरवरचे औषध छातीच्या गाठीला चालेलच असे नाही.

आपण निंबोळी अर्क वापरतो ना? पाच किलो निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पाणी करायचे, तेव्हा पाच टक्के अर्क होतो. कडुलिंबाचा डहाळा कपाशीत रोवून ठेवला तर त्याला कुणी फवारणी म्हणत नाही. आणि अळी बोंडात शिरल्यावर अर्क मारून काय होते, तेही ठाऊक आहे.

आपल्या नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत काम करीत. त्यांनी आणि डॉ. मन्रो वॉल यांनी यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढले. ते १९७१ साली प्रसिद्ध झाले आणि रुग्णांना द्यायची परवानगी मिळाली १९९२ साली. एकवीस वर्षे! मात्रा किती, कुणाला चालते, कुणाला बाधते, हे ठरवण्यात एवढा काळ गेला. हे औषध आज स्तनाच्या कॅन्सरवर देतात. म्हणजे तपासणीनंतर तुमच्या आईला झाडापासून निघालेलेच औषध मिळण्याचा संभव आहे, फक्त मोजून.

नुसत्या पर्यायी उपचारांवर राहिलेल्या रुग्णांचा हिशेब अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली मांडला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला; स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून अधिक. कारण उघड आहे, गाठ थांबत नाही.

गाठीवर बिब्बा लावायला सांगणारेही भेटतील. लावू नका. बिब्बा उतला की कातडी भाजते, आत काही उतरत नाही. हळद भाजीत घाला, चांगली आहे. गाठ तिने विरघळत नाही. गुळवेलीचा काढा घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली आहे, तेव्हा तोही आपल्या मनाने नको. कॅन्सर होऊ नये म्हणून कुठले पान खावे, असे लोक विचारतात. तसे पान मला माहीत नाही. कॅन्सर देणारे पान मात्र पक्के माहीत आहे, तंबाखूचे. तीही वनस्पतीच की! मिश्री लावणाऱ्या भगिनींनी हे विशेष ऐकावे.

आता पत्र लिहिणाऱ्या बंधूंसाठी. रस आजच बंद करा. सुई घातली की गाठ पसरते, ही भीती मनातून काढा. सुईने पेशी काढून तपासल्याशिवाय ती गाठ कशाची ते समजत नाही. साधी निघाली तर आनंदच आहे. कॅन्सर निघाला, तरी वेळेवर गेल्यास बरे होणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. रस किती दिवस दिला ते कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना दाखवा, रागावतील म्हणून लपवू नका. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात; योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटा.

पत्राच्या शेवटी लिहिले आहे, "सोयाबीन निघालं की बघू." सोयाबीन काढायला भावकीतले कुणी उभे करा. तुम्ही सोमवारच्या पहिल्या गाडीने आईला घेऊन निघा.