मिठाची बरणी आणि घरातली ओल



मृगाचा पाऊस एकदा बसला, की कोकणात घरोघर एकच तक्रार. गाद्यांना कुबट वास येतो, कपाटाच्या पाठीवर बुरशी धरते, न्हाणीघराचे दार फुगून लागेनासे होते. ही नुसती टापटिपीची गोष्ट नव्हे. बुरशीचे सूक्ष्म कण श्वासावाटे छातीत जातात आणि दमेकरी पोराची अख्खी रात्र उशाला टेकून बसून जाते.

हवेतला दमटपणा मोजायचे यंत्र असते; पण तुमच्या स्वयंपाकघरातही एक आहे, मिठाची बरणी! सापेक्ष आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली म्हणजे शुद्ध मिठाला पाणी सुटते, आणि बुरशीलाही साधारण तेवढीच ओल मानवते. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते आधीच पाझरते. म्हणून परीक्षेला बारीक मीठ घ्यावे. गुरुजींनी मुलांना सांगावे, चार बशा ठेवा : न्हाणीत, माजघरात, फडताळात, कपाटामागे. कुठली आधी ओलावते ते पोरेच सांगतील.

बहुधा कपाटामागची जिंकते. का बरे? ३० अंश उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ बाळगू शकते. २० अंशांवर जेमतेम १७. पावसाने गार झालेल्या भिंतीला हवा टेकली, की जास्तीचे पाणी तिथेच सोडते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि पायांखाली फरशीचे तुकडे द्या.

पूर्वी चुलीची धग कौलांच्या फटींतून वर जाई, माळा कोरडा राही. धुराने बायकांचे डोळे आणि छाती जात होती, तेव्हा चूल परत आणा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन घरात येते, आणि स्लॅबला फट नसते. स्वयंपाक चालू असता खिडकी उघडी हवी.

न्हाणीचेही तेच. आंघोळ झाली की खराट्याने पाणी मोरीकडे ओढावे, आतले दार लावावे, बाहेरचा वरचा झरोका उघडा ठेवावा. ओले कपडे माजघरात दोरीवर घालतो ना आपण? ते ओले असताना आणि वाळल्यावर तोलून पाहा. जेवढे वजन घटले, तेवढे पाणी तुमच्या गाद्यांच्या शेजारी हवेत गेले!

उघडीप मिळाली की गाद्या, गोधड्या उन्हात टाकाव्यात. मात्र ऊन कलण्याआधी, गरम असतानाच आत घ्याव्यात. कापूस संध्याकाळच्या हवेतली ओल पुन्हा ओढून घेतो. पेटीत कडुलिंबाचा पाला घालतात, तो पक्का वाळलेला असावा. ओला घातला तर फजिती.

कपाटासाठी कळीचा चुना चांगला. मडके अर्धेच भरावे, कारण ओल शोषून तो फुगतो. तोंडाला फडके बांधावे. पोरांच्या हाती मात्र लागू देऊ नये. पाण्याशी गाठ पडली की तो उकळतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जायचा. चुन्याची पूड झाली म्हणजे त्याचे काम संपले. ती झाकून ठेवा. दिवाळीपूर्वी न्हाणीच्या भिंतींना चुना काढताना उपयोगी पडते, आणि ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही.