कॉफीची हातगिरणी : दुरुस्ती आणि सुधारणा

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संक्षेप)



बेंगळूरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची भाकरी सुटत नाही, पण चहा मात्र काही वर्षांत सुटतो. निदान सकाळचा तरी. चिकमगळूर आणि कोडगू येथील मळे पाच-सहा तासांच्या वाटेवर, डोळ्यांदेखत बिया भाजून देणारी दुकाने बाजारपेठेत. मग घरात फिल्टर येतो आणि त्यापाठोपाठ मांडीत धरून फिरवायची हातगिरणी, वर दांडा आणि खाली पूड साठणारा लाकडी खण असलेली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती आज माळ्यावर पडून आहे, आणि बिऱ्हाड बदलताना भंगारात जाते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : "दाते झिजले." आमचे मत निराळे आहे. दाते सहसा शाबूत असतात. झिजलेले असते ते आसाचे भोक.

ज्यांनी जाते ओढले आहे त्यांना हे चटकन उमगेल. जात्याची मधली खीळ ढिली झाली की वरची तळी डुलते आणि पिठात कणी येते. मग तळीला कितीही टाकी लावा, कणी हटत नाही. हातगिरणीत तळ्यांच्या जागी एक दातेरी शंकू आणि त्याभोवती दातेरी कडे असते. शंकू कड्याच्या नेमक्या मध्यावर फिरला तरच भोवतालची फट सर्वत्र सारखी राहते. भोक अर्ध्या मिलिमीटरने जरी वाढले तरी दाण्यांच्या रेट्याने शंकू एका अंगाला सरकतो. एकीकडे फट रुंदावून भरड निसटते, दुसरीकडे अरुंद होऊन धुरळा पडतो, आणि दोन्ही एकाच खणात जमतात. धुरळ्याने फिल्टरची भोके बुजतात व डिकॉक्शन उतरता उतरत नाही. भरडीतून मात्र पाणी पुरता कस न घेताच निघून जाते. अशी कॉफी एकाच पेल्यात कडूही लागते आणि पाणचटही. गृहिणी दुकानदाराला बोल लावते, दुकानदार पावसाला.

परीक्षा सोपी आहे. गिरणी रिकामी करावी, खण काढून खालून शंकू चिमटीत धरावा आणि आडवा हलवून पाहावा. तो खडखडला, तर रोगाचे मूळ सापडले.

उपाय लेथवर आहे. भोक सरळ, गोल व किंचित मोठे करून त्यात बुश बसवून घ्यावे. बुशाचे आतले माप आसाहून केसभरच जास्त असावे. टर्नर प्रथम गनमेटल सुचवील. यंत्राला ते उत्तम, परंतु त्यात बहुधा शिसे मिसळलेले असते आणि ही गिरणी अन्नाची आहे. म्हणून आम्ही अन्नाला चालणाऱ्या ॲसिटल प्लास्टिकचे बुश पसंत करतो. त्याला तेल लागत नाही, ही जमेची बाजू. लोखंड सोडून प्लास्टिक घालायचे म्हटल्यावर घरातली वडील मंडळी नाके मुरडतील, मुरडू द्यावीत.

ही झाली दुरुस्ती. खरी सुधारणा पुढे आहे. पुष्कळ स्वस्त गिरण्यांत आस वरच्या एकाच आधारावर लोंबत असतो. त्याच्या खालच्या टोकाला, पूड पडायला वाट राहील अशी तीन पायांची पोलादी पट्टी बसवून तिच्या मध्ये दुसरे बुश दिले, तर शंकूला डुलायला वावच राहत नाही. हल्लीच्या चांगल्या पोलादी नळकांड्याच्या गिरण्यांत आसाला दोन बॉल-बेअरिंगे असतात. त्यांच्या भारी किमतीचे एक मर्म तेच. शिवाय फट ठरवणारा नट दळताना आपोआप फिरत असेल, तर त्यावर दुसरा नट आवळून तो जखडावा. फिल्टरसाठी पूड साधारण बारीक रव्याएवढी हवी. ती जेथे मिळेल तेथे रंगाचा ठिपका द्यावा.

तरुण मंडळी विचारतात, मोटर का लावू नये? आमचा विरोध आहे. बियांत खडा आला तर हाताला तो तत्क्षणी कळतो. मोटरला कळेपर्यंत दाते गेलेले असतात. मिक्सरची गोष्ट तर वेगळीच : त्याचे पाते दळत नाही, तोडते, आणि भरड व धुरळा यांची तीच जोडी पुन्हा हाती येते.

निगा थोडी, पण नियमित हवी. गिरणी पाण्याने धुऊ नये, दाते गंजतात. कोरड्या कुंच्याने झाडावी. बियांचे तेल साठून खवट वास येऊ लागला, तर मूठभर कुरकुरीत चुरमुरे दळून टाकावेत. काही घरी यासाठी कच्चे तांदूळ घालतात, पण ते भाजलेल्या बियांहून टणक असतात व आसावर नाहक ताण देतात. चिकोरी गिरणीत कदापि घालू नये. ती हवेतला ओलावा ओढून चिकटते व दाते लिंपून टाकते. आपल्याकडील नियमानुसार चिकोरीमिश्रित पुडीत निदान 51 टक्के कॉफी असावी लागते. बाकी प्रमाण ज्याने त्याने आपल्या जिभेला विचारून ठरवावे, मात्र मिश्रण दळून झाल्यावर डब्यात करावे.

आम्ही एक गिरणी आणि पान्हा सोबत आणला आहे. अल्पोपाहाराच्या वेळी ती उघडून दाखवू. ज्यांनी आपापल्या गिरण्या आणल्या असतील, त्यांनी आधी त्यांचे खण रिकामे करून ठेवावेत.