प्राणवायूचे माप



अपुऱ्या दिवसांचे मूल दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेले असते. इवल्याशा नाकाला नळी. आजी दाराशी उभी. इतक्यात परिचारिका येते आणि प्राणवायू थोडा कमी करते. आजीच्या काळजात धस्स होते. ‘अगं बाई, पोराला श्वास पुरेना, आणि तू कमी कशाला करतेस?’ आजीची माया खोटी नाही. पण परिचारिकेचेही बरोबर आहे. कसे, ते पाहू.

आपल्या भोवतालच्या हवेत शेकडा २१ भाग प्राणवायू असतो. आईच्या पोटात बाळाला त्याहून पुष्कळ कमी मिळतो, आणि तेवढ्यावरच त्याची फुप्फुसे वाढतात. जादा प्राणवायूचा मारा सोसणारी द्रव्ये शरीरात भरपूर तयार होतात ती शेवटच्या आठवड्यांत. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाजवळ ही शिदोरी अपुरीच असते.

फुप्फुसात राखणदार पेशीही असतात. जंतू, धूळ गिळून टाकणे हे त्यांचे काम. प्राणवायू फार झाला की फुप्फुसाच्या कोवळ्या अस्तराला इजा होते. राखणदारांना वाटते, शत्रू आला! ते रासायनिक हाक देतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. शत्रू नसतोच, पण जंतू मारण्याची त्यांची जहाल द्रव्ये तिथेच सांडतात. पाखरे नसताना गोफण चालवावी आणि आपलीच कणसे मोडावीत, तसा हा प्रकार! वायुकोशांची वाढ खुंटते. शिवाय राखणदारांची जंतू गिळण्याची ताकदही मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

हे ज्ञान फार महाग पडले. अति प्राणवायूने अशा बाळांची दृष्टी जाते, हा संशय ऑस्ट्रेलियातील डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली मांडला. मग प्राणवायू फारच आखडता घेतला गेला, तेव्हा तो न पुरल्याने बाळे दगावली. १९६७ साली अमेरिकेत डॉ. नॉर्थवे यांनी फुप्फुसांच्या हानीचे वर्णन केले. म्हणून आज बाळाच्या हातापायाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण साधारण शेकडा ९० ते ९५ राखतात.

शिक्षकबंधूंनो, गावात एवढे जरूर सांगा : नळीची कळ आपल्या हाताने फिरवू नये, वाढवायलाही नाही आणि कमी करायलाही नाही. शंका आली तर खुशाल विचारावे. त्या आजीलाही कळू द्या, की परिचारिका बाळाचा श्वास हिरावून घेत नाही, ती त्याची फुप्फुसे राखते आहे.