आल्याचा चहा आणि संत्र्याचा रस
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी आज मी फ्रेंच भाषेविषयी चार शब्द बोलणार आहे. हसू नका हं!

माझ्या मुलीने अकरावीला फ्रेंच घेतले. चाचणीत खाद्यपदार्थांच्या नावांपायी तिचे गुण गेले. मी वही मागितली, तर म्हणाली, "आई, तुला नाही कळायचं." मनाला लागले. पण पोळ्या लाटता लाटता म्हटले, "निदान मोठ्याने वाच तरी."

अडचण अशी होती. आपण 'आल्याचा चहा' म्हणतो आणि 'संत्र्याचा रस'ही म्हणतो. आपला एकच 'चा' दोन्हीकडे चालतो. फ्रेंचमध्ये तिथे दोन निराळे शब्द आहेत, 'आ' आणि 'द', आणि ते नामाच्या आधी येतात. व्हॅनिलाचे आइस्क्रीम 'ग्लास आ ला व्हानीय'. चॉकलेटचा केक 'गातो ओ शोकोला'. इथला 'ओ' हे 'आ'चेच रूप. स्ट्रॉबेरीचा जॅम मात्र 'काँफित्यूर द फ्रेझ' आणि संत्र्याचा रस 'झ्यू दोरांझ'. पोरीने सगळीकडे 'द' लिहिले होते.

मी विचारले, "चहातून आले काढले तरी चहा उरतो. रसातून संत्रे काढले तर काय उरते?"

ती थबकली. मग तिचे तिलाच उमगले. चवीला किंवा जोडीला घातलेला जिन्नस असेल तर 'आ'. ज्याचा पदार्थच बनला, तो असेल तर 'द'. काही नावे मात्र या हिशेबात बसत नाहीत. कांद्याचे सूप 'सूप आ लोन्याँ', पण माशाचे 'सूप द प्वासाँ'. अशी नावे पाठच करावी लागतात.

कपाची तर गंमतच आहे. 'तास द ते' म्हणजे कपभर चहा आणि 'तास आ ते' म्हणजे चहाचा कप, मग तो रिकामा का असेना! पाहुण्यांना विचारताना जपायला हवे.

भगिनींनो, व्याकरण मुलीच्या पुस्तकात होते, पण त्याची किल्ली माझ्या ओट्यावर सापडली. आता ती अभ्यासाला स्वयंपाकघरातच बसते. "आम्हांला काय कळते" असे म्हणून आपण मुलांच्या वहीपासून दूर राहू नये, एवढेच माझे सांगणे.